बारा बाय छत्तीस : लग्नाचा अल्बम वाचताना

विषय जाहीर झाला तेव्हा दोघा-तिघांनी आम्हाला थांबवून विचारलं, लग्नाच्या अल्बमवर तासभर बोलणार काय? बोलणार. कोल्हापुरातल्या ज्या घरात एकही कादंबरी सापडणार नाही, त्या घरातसुद्धा कपाटाच्या वरच्या कप्प्यात हे एक पुस्तक असतंच, आणि ते घरातलं सगळ्यात महागडं पुस्तक असतं. कादंबऱ्यांची परीक्षणं छापून येतात, याचं मात्र कुणी करत नाही. पाहुणे बघतात, 'छान आलेत' म्हणतात आणि चहा पितात.

समोर टेबलावर तीन अल्बम ठेवलेत. पहिला काळ्या जाड कागदाचा. फोटो कोपऱ्यांत खोचलेले, मध्ये पातळ पारदर्शक कागद. दुसरा नव्वदीतला, चार बाय सहाच्या फोटोंचा, प्लॅस्टिकच्या खिशांचा. तिसरा आजचा करिझ्मा. ॲक्रिलिकचं कव्हर, पेटी, पेटीला पिशवी, आणि सोबत पर्समध्ये मावणारी त्याचीच छोटी प्रत. आमचं म्हणणं मुख्यतः या तिसऱ्याबद्दल आहे.

आधी थोडं मागं जाऊ. फोटो पुस्तकात बांधून लोकांपुढं ठेवायची हौस आपल्याकडं जुनी आहे. १८५६ ते १८५८ या काळात मुंबईत जॉन्सन आणि हेंडरसन यांनी 'इंडियन अमॅच्युअर्स फोटोग्राफिक अल्बम' नावाचं मासिक काढलं. त्यात छापील चित्रं नव्हती, खरे फोटो प्रत्येक प्रतीत चिकटवलेले असत. आणि आपल्या गावाचंच सांगायचं तर बाबूराव पेंटर. नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवणारा हा माणूस १९२० मध्ये 'सैरंध्री' करतो, सिनेमाची पोस्टरं स्वतः रंगवतो आणि चित्रपटाची माहिती व फोटो असलेल्या पुस्तिका छापून घेतो. पडदा, पोस्टर, पुस्तिका ही तिन्ही कामं एकाच हातानं केली. पण त्यांची गल्लत केली नाही. पोस्टर लांबून बघायचं, पुस्तिका हातात धरून वाचायची. आजच्या अल्बमबद्दल आमची पहिली तक्रार हीच आहे की तो पुस्तक असून पोस्टरासारखा मांडला जातो.

आता माप बघा. बारा बाय छत्तीस. शीट उघडली की १२ इंच उंच आणि ३६ इंच रुंद, मधोमध घडी. म्हणजे प्रत्येक बाजू १२ बाय १८. आणि कॅमेऱ्यातून आडवा फोटो येतो तो कुठल्या प्रमाणात? तीनास दोन. अठरास बारा म्हणजेसुद्धा तीनास दोन! शीट जणू दोन आडव्या फोटोंसाठीच कापलेली आहे. काहीही न कापता, डाव्या पानावर एक, उजव्या पानावर एक. आम्ही गेल्या दोन वर्षांत मित्रांचे, नातेवाइकांचे, शेजाऱ्यांचे मिळून पंचवीसेक अल्बम मांडीवर घेऊन पाहिले. मांडीवर कसले, जमिनीवर ठेवूनच पाहावे लागतात. ही साधी मांडणी त्यात एकदाही दिसली नाही.

दिसतं काय? मध्ये नवरानवरीचा मोठा फोटो, पार्श्वभूमी काढून टाकलेली. मागं पन्हाळ्याचा बुरूज नाहीतर रंकाळ्याचा सूर्यास्त, तोही अंधुक केलेला. कडेला सहा-सात छोट्या चौकटी, त्यांत हळद. वर इंग्रजीत काहीतरी प्रेमाचं वाक्य, तेही बहुधा चुकीच्या स्पेलिंगचं. हे वाक्य कुठून येतं, तर डिझायनरकडं तयार टेम्प्लेट असतात. एकाच टेम्प्लेटमध्ये कागलचं लग्न बसतं, जयसिंगपूरचं बसतं आणि लुधियानाचंही बसतं. अंतरपाट मात्र बसत नाही. पडद्याच्या अलीकडं एक, पलीकडं एक, आणि मध्ये ते पांढरं कापड. ज्या क्षणी दोघं एकमेकांना दिसत नाहीत तोच या सोहळ्याचा सगळ्यात ताणलेला क्षण, आणि त्याला दोन पानं हवीत. बऱ्याच अल्बममध्ये तो टपाल तिकिटाएवढा असतो.

यात एकट्या फोटोग्राफरला दोष देऊन आम्ही मोकळे होणार नाही. काम तीन हातांतून जातं. फोटो काढणारा वेगळा, डिझाइन करणारा वेगळा, छापून बांधणारी लॅब वेगळी. दर शीटमागे ठरतो. गिऱ्हाईक विचारतं, 'किती शीटचा देणार?' कोण कोण त्यात येणार, हे कुणी विचारत नाही. मग चार हजार फोटोंचा पेनड्राइव्ह घरी येतो, 'निवडून द्या' म्हणून. घरात कोण बसणार चार हजार फोटो बघत? सहा महिने तो तसाच पडतो. शेवटी फोन येतो, आणि वैतागून सांगितलं जातं, 'तुम्हीच करा चांगलं बघून.' आता डिझायनरला काय माहीत, कोपऱ्यातली नऊवारीतली म्हातारी कोण आहे? त्याच्या दृष्टीनं ती फ्रेम बिघडवते. तो ती कापतो. त्याच्या जागी आम्हीही कापली असती.

आमच्याच घरातलं सांगतो. आमच्या एका पुतण्याचं लग्न झालं, त्यानंतर दीड वर्षानं मोठी आत्या गेली. भिंतीवर लावायला फोटो हवा होता. तिचं ते शेवटचं कार्य, त्यामुळं अल्बम काढला. छत्तीस शीट. आत्या दोन ठिकाणी सापडली. एकदा नवरीच्या खांद्यामागं, अंधुक केलेल्या भागात, म्हणजे चेहऱ्याच्या जागी एक गव्हाळ गोळा. दुसऱ्यांदा अक्षता टाकणारा तिचा नुसता हात, पाटल्यांवरून ओळखला. मूळ फोटो मिळतील म्हणून विचारायला गेलो तर हार्ड डिस्क बिघडलेली. पेनड्राइव्हवर कुणीतरी सिनेमे भरले होते. भिंतीवर शेवटी आधार कार्डावरचा फोटो मोठा करून लावला.

आता कुणी म्हणेल, जुन्या अल्बममध्ये तरी सगळे होते का? नव्हते. छत्तीस फोटोंचा रोल, मोजून काढायचा. आचारी नाहीत, वाजंत्री नाहीत, भांडी घासणाऱ्या बायका तर नाहीतच. ग्रुप फोटोत कोण खुर्चीवर, कोण मागं उभं, हे मानपानावर ठरायचं, आणि विधवा काकू कडेला निम्मी कापलेली. तेव्हा जुनं ते सोनं असं आम्ही म्हणत नाही. मध्यंतरी ते चिकट पानांचे अल्बम आले होते, त्यांनी तर फोटोंचं वाटोळं केलं. डिंक पिवळा पडला आणि फोटो निघेनात. पण एक फरक आहे. जुन्या अल्बममधून वगळला गेलेला माणूस फोटोच्या वेळीच वगळला गेला. आज आत्याचा फोटो निघालेला असतो, कदाचित वीस निघालेले असतात, आणि तरी ती छापली जात नाही.

दुसरी गोष्ट कागदाची, आणि ती या गावात कुणाला समजावून सांगायला नको. ऑगस्ट २०१९. पंचगंगेचं पाणी ज्यांच्या घरात शिरलं त्यांच्यापैकी काहीजण आज इथं बसलेत. पाणी उतरल्यावर आम्ही एका घरी आवरायला गेलो होतो. खिशांच्या अल्बममधले चार बाय सहाचे फोटो ओले असतानाच एकेक करून काढले, स्वच्छ पाण्यातून अलगद फिरवले आणि दोरीवर चिमट्यानं वाळत घातले. सगळे नाही, पण बरेच वाचले. थोडे सुरकुतले. नव्या अल्बमचं मात्र काही करता येईना. त्यात फोटो सुटा नसतोच. शीट पाठीला पाठ लावून चिकटवलेल्या, मध्ये पुठ्ठा. पुठ्ठा पाणी प्यायला, फुगला, पानं एकमेकांना धरून बसली. उघडायला गेलो तर नवरीच्या शालूचा रंग समोरच्या पानावर निघून आला. वर लॅमिनेशन होतं, पण पाणी कडेनं शिरलं. ज्या बांधणीमुळं पान सपाट उघडतं आणि चेहरा घडीत जात नाही, तीच बांधणी तिथं नडली.

आमच्या टीकेवर एक उत्तर आहे, आणि ते आम्हाला सहज बाजूला सारता येत नाही. क्रिस्टोफर पिनी यांनी 'कॅमेरा इंडिका' या १९९७ च्या पुस्तकात मध्य प्रदेशातल्या नागदा गावच्या फोटो स्टुडिओंबद्दल लिहिलंय. त्यातली एक गोष्ट अशी, की लोक तिथं जसे आहेत तसे दिसायला जात नाहीत, जसं दिसायचंय तसं दिसायला जातात. मग आमच्या पुतण्याला सिनेमाच्या पोस्टरावर दिसायचं असेल तर आम्ही कोण नाक मुरडणारे? बरोबर आहे. ज्या गावानं पडदे रंगवले, सिनेमे काढले, त्या गावातल्या पोरांना आयुष्यात एक दिवस हिरो व्हावंसं वाटलं तर त्यात गैर काय! दहा शीट त्यांना द्या. पंधरा द्या. आमचं भांडण उरलेल्या वीस-एकवीस शीटसाठी आहे.

गेल्या मे महिन्यात आमच्या भाचीच्या लग्नात आम्ही हा हट्ट धरून पाहिला. निवडायला तिच्या दोन मावश्या आणि एक आजोबा असे तिघे बसवले, तीन संध्याकाळी, भडंग खात. आजोबांनी सगळ्यात आधी पंगत मागितली. पंगतीच्या एका आडव्या फोटोला पूर्ण बाजू दिली, समोरच्या बाजूला झालीच्या वेळचा फोटो, दोन्ही न कापता. डिझायनर पोरगा म्हणाला, 'काका, यात मी केलं काय? रिकामं दिसतंय.' पैसे घ्यायला संकोचत होता. आम्ही म्हटलं, घे बाबा, हेच काम आहे. शेवटच्या शीटवर नावं छापायला लावली, ओळीवार, डावीकडून उजवीकडं. तीन नावं चुकली, त्यावरून घरात अबोला झाला तो वेगळा विषय. पण अल्बम बघायला बायका आल्या तेव्हा एकेका पानावर किती वेळ बोट फिरत होतं ते आम्ही बाजूला बसून पाहिलं. हे कोण, ही कुणाची, हा केव्हा आला मुंबईहून.

तो अल्बम भाचीनं आजच्यापुरता दिलाय. मागचे दिवे लावा जरा. रांगेरांगेनं फिरवा, आणि दोघांनी मिळून धरा, एकट्याला पेलत नाही. चहा त्यानंतर.