त्याग आणि दान : ‘गीताई’च्या निमित्ताने

१

कलावंताने आपली कृती मोबदल्याची अपेक्षा न धरता लोकांच्या स्वाधीन केली, तर तिचा उल्लेख बहुधा त्याच्या चरित्रात होतो, कृतीच्या समीक्षेत होत नाही. औदार्य हा कर्त्याचा गुण. कृतीचे गुण निराळे, ते शब्द, रचना आणि अर्थ यांत शोधावयाचे, अशी ही वाटणी आहे. सर्वसाधारणपणे ती योग्यही आहे. उदार मनाने दिलेली कविता त्या औदार्यामुळे चांगली ठरत नाही, आणि पैशासाठी लिहिलेले नाटक तेवढ्याने हिणकस होत नाही. परंतु काही कृती अशा असतात की, त्या कोणाला द्यावयाच्या आहेत हा प्रश्न त्यांच्या भाषेची घडणच ठरवितो. तेथे ही वाटणी टिकत नाही. विनोबा भावे यांची ‘गीताई’ ही अशा कृतींपैकी एक होय.

विनोबांचा जन्म ११ सप्टेंबर १८९५ रोजी पेण तालुक्यातील गागोदे बुद्रुक या गावी झाला. तेव्हाच्या कुलाबा आणि १९८१ पासून रायगड म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या जिल्ह्यात खाडीकाठची मिठागरे आणि डोंगरपायथ्याची भातशेती एकाच तालुक्यात सापडतात. गागोदे हे त्यांपैकी डोंगराकडचे गाव. तेथील बालपणाविषयी विनोबांनी सांगितलेली एक आठवण सर्वश्रुत आहे. घरचा फणस कापला की त्यातील गरे आधी शेजारच्या घरांत वाटून यावयाचे आणि मगच मुलांनी खावयाचे, असा आईचा दंडक होता. देणारा तो देव आणि राखून ठेवणारा तो राक्षस, अशा अर्थाचे तिचे एक वचनही ते नेहमी सांगत. १८ एप्रिल १९५१ रोजी पोचमपल्ली येथे सुरू झालेल्या भूदानाचे बीज चरित्रकार या आठवणीत पाहतात. मात्र त्याच शिकवणीचा वाङ्मयीन परिणाम कोणता, या प्रश्नाकडे त्या मानाने कमी लक्ष गेले आहे.

२

तरुण विनोबा कविता करीत. मनासारखी साधेपर्यंत ते ती घासूनपुसून सिद्ध करीत, आणि ती साधली की अग्नीच्या स्वाधीन करीत. पुढे १९१६ साली ते काशीस गेले, तेव्हा अग्नीची जागा गंगेने घेतली. या कृत्याकडे कोणी वैराग्य म्हणून पाहील, तर कोणी तारुण्यातील आवेश म्हणून. समीक्षेच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट एवढीच की, तो त्याग होता, दान नव्हते.

या दोन शब्दांत व्यवहारात पुष्कळदा गल्लत होते. वस्तुतः त्यांची रचना भिन्न आहे. त्याग पूर्ण होण्यास त्यागणारा आणि वस्तू एवढे दोनच घटक पुरतात. दानाला तिसरा घटक लागतो; घेणारा नसेल तर दान घडतच नाही. मराठी वाक्यरचनेतही हा भेद स्पष्ट दिसतो. ‘त्याने कविता टाकली’ हे वाक्य पूर्ण आहे. परंतु ‘त्याने कविता दिली’ असे म्हटल्याबरोबर ‘कोणाला?’ ही आकांक्षा उत्पन्न होते. शंकराचार्यांनी गीताभाष्यात दान या शब्दाचा अर्थ यथाशक्ति संविभाग असा केला आहे, आणि विनोबांना तो फार प्रिय होता. संविभाग म्हणजे वाटून घेणे; त्यात दुसऱ्याचे अस्तित्व गृहीतच आहे. अग्नी आणि गंगा यांना कविता समजावयाची नसते. त्यामुळे त्यांना अर्पण करावयाच्या कवितेची भाषा कर्त्याला स्वतःपुरती ठरविता येते. घेणारा माणूस असला की ती मुभा उरत नाही.

३

गीताईच्या मुळाशी अशी एक घेणारी व्यक्ती होती. बडोद्यास असताना विनोबांच्या आईने गीता मराठीतून वाचण्याची इच्छा दर्शविली. गद्य भाषांतराने तिचे समाधान होईना, म्हणून विनोबांनी वामनपंडिताची समश्लोकी गीता तिच्या हाती दिली. तीही तिला अवघड वाटली. याहून सोपे पद्य उपलब्ध नाही असे मुलाने सांगितले, तेव्हा मग तूच का करीत नाहीस, असे तिने विचारले. हा प्रसंग भावनेच्या अंगाने अनेकदा सांगितला जातो. परंतु त्यात एक नेमका वाङ्मयीन अभिप्राय दडलेला आहे. संस्कृत न शिकलेल्या, परंतु कथाकीर्तने आणि अभंग यांवर कान घडलेल्या एका वाचक स्त्रीने वामनपंडिताच्या मराठीविषयी तो दिला आहे. तिने गद्य नाकारले ते ते मुखी बसत नाही म्हणून, आणि वामनी पद्य नाकारले ते ते समजत नाही म्हणून, असा त्याचा अर्थ लावता येईल. पाठ होणे आणि कळणे या दोन्ही गोष्टी तिला एकत्र हव्या होत्या.

आई १९१८ साली निवर्तली. विनोबांनी भाषांतरास प्रारंभ केला तो ७ ऑक्टोबर १९३० रोजी, वर्ध्यास. ते पूर्ण झाले ६ फेब्रुवारी १९३१ रोजी. म्हणजे जिच्यासाठी हे काम करावयाचे होते ती जाऊन बारा वर्षे लोटली होती. गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाचे तीन प्रकार सांगितले आहेत. सात्त्विक दान ते की जे देश, काल आणि पात्र पाहून, परतफेड करू न शकणाऱ्याला, कर्तव्य म्हणून दिले जाते. ही कसोटी खुद्द गीतेच्या भाषांतराला लावून पाहणे अप्रस्तुत होणार नाही. दिवंगत आईकडून परतफेड संभवत नाही. आणि ती स्वतः घेऊ शकत नाही म्हणूनच तिच्या जागी कोणालाही उभे राहता येते. या अर्थाने पात्र नाहीसे झाले नाही, ते विस्तारले. ‘गीताई’ हे नाव या विस्ताराची खूण आहे. यमाई, तुकाई, जनाई या देवतानामांत आणि विठाई या संतांच्या संबोधनात जो ‘आई’ हा उत्तरघटक येतो, तोच येथे ग्रंथनामाला जोडला आहे. ग्रंथाला आई म्हटल्याने वाचक आपोआप लेकराच्या जागी येतो. मग ग्रंथ मिळविण्यासाठी त्याच्या अंगी वेगळी पात्रता असण्याची अट राहत नाही.

४

आता भाषेकडे वळावे. गीतेचे श्लोक सातशे. ज्ञानदेवांनी त्यांवर सुमारे नऊ हजार ओव्या रचल्या. गीताईने श्लोकास श्लोक हे प्रमाण स्वीकारले आणि बहुतांशी अनुष्टुभाचा आठ अक्षरांचा चरणही कायम ठेवला. या बंधनाची किंमत मोठी आहे. संस्कृतात एका प्रत्ययाने भागते तेथे मराठीला सामान्यरूप, प्रत्यय आणि प्रसंगी शब्दयोगी अव्यय असा पसारा लागतो. शिवाय संस्कृतातील दीर्घ समास मराठीत जसाच्या तसा ठेवला तर अक्षरे वाचतात, पण अर्थ झाकला जातो. तो सोडविला तर अर्थ उघडतो, पण चरण फुटतो. वामनपंडिताने अनेक ठिकाणी पहिला मार्ग पत्करला. त्याचा वाचक संस्कृत जाणणारा किंवा जाणणाऱ्याच्या शेजारी बसणारा होता, त्यामुळे त्याला तो पत्करता आला.

विनोबांनी तीन उपाय योजलेले दिसतात. पहिला, जुन्या संतकाव्यातील सप्तमीसारखी आटोपशीर रूपे त्यांनी वापरली. ही रूपे आजच्या बोलीत नाहीत. परंतु अभंग आणि ओवी ऐकणाऱ्या कानाला ती परकी नाहीत. दुसरा, ‘स्थितप्रज्ञ’ यासारख्या ज्या पारिभाषिक शब्दांना पर्याय दिल्यास विचारच बदलेल, असे शब्द त्यांनी तसेच ठेवले, पण त्यांच्याभोवतीचे वाक्य शक्य तितके सरळ केले. तिसरा उपाय मुद्रणाचा आहे. सामासिक शब्दांचे घटक संयोगचिन्हाने अलग दाखविण्याची पद्धत गीताईत आढळते. वरवर पाहता ही किरकोळ बाब आहे. परंतु समासाचा सांधा दाखविणे म्हणजे, एरवी गुरूकडून शिकावा लागणारा विग्रह वाचकाच्या हाती देणे होय. देण्याची बुद्धी येथे केवळ आशयात किंवा हेतूत राहिलेली नाही. ती लेखनचिन्हापर्यंत उतरली आहे.

याचा अर्थ गीताई सर्वत्र सुगम आहे असा नव्हे. अक्षरसंख्येच्या ओढीने काही ठिकाणी क्रियापद गाळले जाते, काही ठिकाणी शब्दक्रम मुरडतो, आणि तत्त्वविवेचनाच्या अध्यायांत ठेवलेले पारिभाषिक शब्द नवख्या वाचकाला अडवितात. पुढे ‘गीताई-शब्दार्थ-कोश’ आणि ‘गीताई-चिंतनिका’ यांची आवश्यकता भासली, ही गोष्ट मूळ कृतीच्या मर्यादेची साक्ष म्हणून नोंदविली पाहिजे. मात्र तिची दुसरी बाजूही आहे. एकदा दिले की संपले, ही त्यागाची रीत. दानात घेणाऱ्याला ते लाभले की नाही हे पाहणे ओघानेच येते, आणि लाभले नसेल तर पुन्हा द्यावे लागते. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात दर रविवारी झालेली गीता-प्रवचने ही अशी पुनर्देयाचीच एक पायरी मानता येईल. ती साने गुरुजींनी टिपून घेतली नसती तर बोलून विरून गेली असती. अर्थात त्या ग्रंथात दोघांचे देणे एकत्र आले आहे, आणि त्यांपैकी लेखणी चालविणाऱ्याचे देणे कमी मोलाचे नाही.

५

याच मुलखातील दुसरी एक परंपरा शेजारी ठेवली असता गीताईच्या दानाचे स्वरूप आणि त्याची सीमा अधिक स्पष्ट होते. खाडीकाठच्या आगरी समाजात लग्नविधीच्या प्रसंगी धवलारीण धवले गाते. ‘धवल’ हे गीतप्रकाराचे नाव प्राचीन आहे. ‘संगीतरत्नाकरा’त तो प्रबंधप्रकार म्हणून येतो, गुजरातीतील ‘धोळ’ हे त्याचेच रूप आहे, आणि तेराव्या शतकातील महदाइसेचे ‘धवळे’ तर मराठीच्या आद्य काव्यांपैकी एक आहेत. आगरी बोलीत ‘ळ’चा ‘ल’ होतो, म्हणून ‘धवळा’ तेथे ‘धवला’ ठरतो. महदाइसेच्या रचनेला कर्तीचे नाव आहे. खाडीकाठच्या धवल्यांना ते नाही. थोर गायिकेकडून धाकटीने ऐकून उचलावे, आणि उचलताना आपल्या घराण्याची नावे व आपल्या बोलीचे उच्चार त्यात मिसळावे, असा त्यांचा प्रवास असतो. येथे गाण्याबरोबर गाणे बदलण्याचा अधिकारही दिला जातो.

गीताईत हा अधिकार दिलेला नाही. तिचा पाठ निश्चित आहे. तो सुधारला तो कर्त्याने. १९८० साली वर्ध्यानजीक गोपुरी येथे गीताई-मंदिर झाले आणि हा पाठ शिलांवर कोरला गेला. मौखिक आणि मुद्रित परंपरांमधील हा भेद स्वाभाविकच आहे. त्यावरून गीताईला कमी लेखण्याचे कारण नाही. तथापि, गीताईने ‘मराठी माणसाला’ दिले असे जेव्हा म्हटले जाते, तेव्हा कोणत्या मराठीत दिले हा प्रश्न विचारावा लागतो. ती मराठी पेणच्या खाडीवरची नाही, गागोद्याच्या शेतावरची नाही; ती संतकाव्याने सर्वांसाठी तयार केलेली समाईक मराठी आहे. सर्वांना देता यावे म्हणून कोणाच्याच घरची नसलेली भाषा निवडणे, ही या दानाची शक्ती आहे आणि मर्यादाही आहे.

उलट, धवल्यांसारख्या निनावी देण्यालाही एक धोका आहे. जेथे कर्तीचे नाव नाही तेथे कोणीही येऊन आपले नाव घालू शकतो; देणारीने सर्वांसाठी ठेवलेले गाणे एखादा घेणारा आपल्यापुरते करून टाकू शकतो. जात्यावरच्या ओव्यांच्या बाबतीत हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी एक लाखाहून अधिक ओव्यांचे संकलन करताना गाणाऱ्या स्त्रियांची आणि गावांची नावे नोंदविली, ही शिस्त म्हणूनच अनुकरणीय होय. दान निनावी असू शकते. स्वीकार निनावी असता कामा नये.

६

लेखनावरील हक्क सोडण्याची उदाहरणे अन्यत्रही आहेत. टॉलस्टॉयने १८९१ साली १८८१ नंतरच्या आपल्या लेखनावरील हक्क सोडला. गांधीजींच्या ‘हिंद स्वराज्य’च्या १९१० च्या इंग्रजी आवृत्तीवर कोणतेही हक्क राखून ठेवले नसल्याचे छापलेले होते. भारतातील १९५७ च्या कायद्यातही कर्त्याला आपला हक्क सोडून देण्याची तरतूद आहे. परंतु कायद्याला ठाऊक असतो तो त्याग. दान त्याच्या कक्षेत येत नाही. हक्क सोडल्याने पुस्तक छापण्याची वाट मोकळी होते, ते कळण्याची वाट मोकळी होत नाही. दुर्बोध ग्रंथ विनामूल्य वाटला तरी तो ज्यांना आधीच कळत होता त्यांच्यापुरताच राहतो.

गीताईचे वाङ्मयीन महत्त्व या ठिकाणी आहे. ज्या लेखकाने एके काळी साधलेली कविता अग्नीत टाकली, त्याने पुढे भाषेचे बंधन पत्करून, अक्षर-अक्षर मोजून, संस्कृत न जाणणाऱ्या वाचकाला हाताशी येईल असा पाठ सिद्ध केला. पहिल्या कृतीत अहंकाराचे विसर्जन होते, पण घेणारा नव्हता. दुसऱ्या कृतीत घेणारा होता, आणि त्याच्यासाठी शैलीची हौस बाजूस ठेवावी लागली. तेही एक प्रकारचे विसर्जनच होते. म्हणून औदार्य हा समीक्षेचा विषय होऊ शकतो की नाही, या प्रश्नाचे उत्तर असे देता येईल : ते जेव्हा केवळ कर्त्याच्या वर्तनात असते तेव्हा तो चरित्राचा विषय आहे, ते जेव्हा समासाच्या विग्रहात, प्रत्ययाच्या निवडीत आणि चरणाच्या मापात उतरते, तेव्हा त्याचा विचार समीक्षेनेच करावयास हवा.