अंधार बरा होता

नाटकाची समीक्षा होते, सिनेमाची होते, गाण्याच्या बैठकीची होते. पुस्तकाची तर न वाचताही होते. पण शोभेच्या दारूकामाची समीक्षा कुणी केलेली माझ्या पाहण्यात नाही. कारण उघड आहे. समीक्षक हा मान खाली घालून लिहिणारा प्राणी, आणि दारूकाम पाहायचे तर मान वर करावी लागते.

आम्ही सोलापूरकर मात्र वर्षातून एकदा, किंक्रांतीच्या रात्री, बायकापोरांसकट समीक्षक होतो.

ज्यांना सोलापूर म्हणजे चादर आणि शेंगाचटणी एवढेच ठाऊक आहे, त्यांच्यासाठी थोडे सांगतो. जानेवारीत आमच्याकडे ग्रामदैवत सिद्धेश्वरांची यात्रा भरते. आम्ही तिला ‘गड्डा’ म्हणतो. कथा अशी की, बाराव्या शतकात एका कुंभारकन्येने सिद्धरामेश्वरांशी लग्नाचा हट्ट धरला. ते पडले योगी. ते म्हणाले, माझ्या योगदंडाशी लग्न कर. तिने केले. तेव्हापासून भोगीच्या दिवशी सात उंच नंदीध्वजांच्या साक्षीने त्या लग्नाच्या अक्षता पडतात, संक्रांतीला होम मैदानावर पेंढ्यांची कुंभारकन्या साडी नेसवून अग्नीला दिली जाते, आणि किंक्रांतीला त्याच मैदानावर दारूकाम होते. म्हणजे हा एका लग्नाचा वाढदिवस आहे. घरोघरच्या वाढदिवसाला नवऱ्याच्या लक्षात राहत नाही. हा मात्र अख्ख्या शहराच्या लक्षात राहतो. त्यावर आमच्या सौ.चे म्हणणे, ‘‘योगदंड घोरत तरी नाही.’’

अमेरिकेत वॉल्ट डिस्नेसाहेबांनी 1955 साली कॅलिफोर्नियात मोठे जत्रेचे मैदान बांधले. तिथेही रात्री दारूकाम होते. पण तिथे तिकीट काढून आत जावे लागते. आमच्याकडे आकाशपाळणा आणि मौत का कुआँ यांचे काय पैसे पडतील ते पडोत, वरचे आकाश फुकट असते. आणि फुकट पाहणाऱ्यांइतके कडक समीक्षक जगात दुसरे नाहीत.

लग्न आणि दारूकाम हा संबंध जुनाच. एकनाथांनी सोळाव्या शतकात ‘रुक्मिणीस्वयंवर’ लिहिले, त्यात श्रीकृष्णाच्या लग्नात दारूकाम उडवले आहे. द्वापरयुगात बंदुकीची दारू कुठून आली, असे नाथांना कुणी विचारले नसावे. संशोधक प. कृ. गोडे यांनी भारतातल्या दारूकामाचा इतिहास लिहिताना हे वर्णन पुरावा म्हणून घेतले. कृष्णाच्या काळचा नव्हे, नाथांच्या काळचा. बिनदारूकामाचे लग्न नाथांना लग्नच वाटले नसेल. आम्हालाही वाटत नाही.

तर होम मैदानावर समीक्षेचे तीन पंथ आढळतात. पहिला आवाजवाद्यांचा. औट फुटल्यावर छातीत धडकी भरली नाही तर यांचे पैसे बुडतात, न दिलेले. दुसरा हिशेब्यांचा. हे दारूकाम पाहतच नाहीत, मोजतात. ‘‘मागच्या साली ह्याच्या दुप्पट होतं बे,’’ हे यांचे वाक्य मी गेली पन्नास वर्षे ऐकतो आहे. ते खरे धरले तर माझ्या लहानपणी सोलापूर जळून खाक व्हायला हवे होते. तिसरा पंथ आमच्या आईचा. ती ‘‘अगं बाई!’’ किती वेळा म्हणाली यावर दारूकामाची प्रत ठरायची. शेजारी कुणी कानडीत, कुणी तेलुगूत, कुणी दखनीत तेच म्हणत असायचे. मराठी साहित्याच्या समीक्षेत इतके एकमत मी कधी पाहिले नाही.

या तिन्ही पंथांत न बसणारे एकच समीक्षक मला भेटले. ते आमचे अण्णा.

अण्णा गिरणीत विणाई खात्यात होते. तीस वर्षे धोट्यांच्या खडखडाटात उभे राहून त्यांचे कान गेले. गेले म्हणजे पुरते गेले. पहाटेचा भोंगा ऐकू यायचा बंद झाला, तरी ते वेळेवर उठायचे, आई हलवायची. पण किंक्रांतीला सगळ्यांत आधी चादर खांद्यावर टाकून तेच निघायचे. एवढा मोठा औट फुटायचा, पोरे कानांवर हात ठेवून किंचाळायची, आणि अण्णा देवळात बसल्यासारखे शांत. चक्र फिरले, झाड पेटले, धबधबा सांडला, की ते विझेपर्यंत बघायचे. विझल्यावरही बघायचे. आम्ही म्हणायचो, अण्णांना कळलं नाही, संपलं ते!

घरी येताना मी ओरडून विचारायचो, ‘‘अण्णा, कसं होतं?’’

ते ठरलेले उत्तर द्यायचे. ‘‘अंधार बरा होता.’’ किंवा, ‘‘ह्या साली अंधार कमी पडला.’’

आम्ही हसायचो. बहिऱ्याने काहीतरी भलतेच ऐकले असणार!

एकदा त्यांनीच उलगडून सांगितले. कापडात उभे धागे तो ताणा, आडवे तो बाणा. ताणा आधी लागतो, नुसता बाणा हवेत विणता येत नाही. ‘‘अंधार म्हंजे ताणा. हे एकावर एक उडवत सुटतात, अंधाराला जागाच ठेवत नाहीत. मग चादर कशी व्हायची? गुंता होतो.’’

रंगांतही त्यांची नजर निळ्यावर असे. लाल, हिरवा कुणालाही जमतो, निळा जमला तर कारागीर, असे त्यांचे मत. पुढे मी वाचले, की लाल रंग स्ट्राँशियमचा, हिरवा बेरियमचा, निळा तांब्याचा. आणि आच जरा जास्त झाली की निळा फिका पडतो, म्हणून तो सगळ्यांत अवघड. अण्णांनी रसायनशास्त्र वाचले नव्हते. पाहिले होते.

गुडघे गेल्यावर आम्ही दारूकाम गच्चीवरून पाहू लागलो. आमची गच्ची मैदानापासून किलोमीटरभर. आवाज सेकंदाला साधारण 340 मीटर चालतो. त्यामुळे आकाशात फूल उमलल्यावर धडाका पोचायला तीन सेकंद लागायचे. तेवढे तीन सेकंद आम्ही सगळे अण्णांच्या जगात असायचो. मग आवाज यायचा आणि आम्ही परत यायचो. अण्णा तिथेच राहायचे.

ते गेल्यानंतरच्या साली मी पुन्हा मैदानावर गेलो. हातात नवा मोबाईल. पहिल्या बाणापासून शेवटच्या औटापर्यंत सगळे त्यात भरून घेतले आणि विजयी मुद्रेने घरी येऊन लावले. पडद्यावर काळे कुट्ट. माझा अंगठा भिंगावर होता! मात्र आवाज झकास. धूम, धडाम, पोरांच्या शिट्ट्या, आणि मधूनच माझे स्वतःचे, ‘‘वा, काय निळा आहे!’’

अण्णांनी तीस वर्षे आवाजाशिवाय उजेड पाहिला. मी धडधाकट कानडोळ्यांचा माणूस उजेडाशिवाय आवाज घेऊन आलो. सौ. म्हणाली, ‘‘अंधार बरा आलाय.’’ पहिल्यांदाच मला ते वाक्य हसण्यावारी नेता आले नाही.

2021 साली करोनामुळे गड्डा भरला नाही. किंक्रांतीच्या रात्री सवयीने गच्चीवर गेलो. आसपासच्या गच्च्यांवरही माणसे होती, सगळी त्याच दिशेला तोंड करून. दिसत काहीच नव्हते. अंधार तर असा बरा, की तसा पुन्हा मिळायचा नाही. पण नुसता ताणा, बाणा नाही. बराच वेळ कुणी खाली उतरले नाही.

त्यानंतर मी एक सुधारणा केली आहे. दारूकामाला जाताना मोबाईल घरी ठेवतो आणि कानांत कापसाचे बोळे घालतो. गिरण्यांच्या गावात कापसाला तोटा नाही. मग चक्र फिरते, झाड पेटते, धबधबा सांडतो. पेंढ्यांची कुंभारकन्या आदल्या रात्री जिथे जळाली, तिथेच. सगळे विझते. आजूबाजूचे लोक उठून चपला शोधू लागतात. मी बसून राहतो. तेव्हा कुठे दिसते, की विझताना प्रत्येक ठिणगी खाली येत असते, आणि वर काळ्यात तिची जागा थोडा वेळ तशीच असते.

परवा नातू माझी बाही ओढत काहीतरी ओरडत होता. बोळे काढले.

‘‘आजोबा, संपलं ते! कसं होतं?’’

मी काय सांगितले, ते तुम्ही ओळखले असेलच. तो हसला. हसू द्या. समीक्षकाला एवढे सोसावेच लागते.