पदवीधराचे गाव

पु. ल. देशपांडे यांनी मुंबईकर, पुणेकर की नागपूरकर, यांपैकी कोण व्हावयाचे, असा प्रश्न टाकून जो लेख रचला तो मराठी घरांत छापील रूपापेक्षा त्यांच्या स्वतःच्या आवाजातच अधिक पोचला आहे. मुंबईकर होण्यास घड्याळाशी जमवून घ्यावे लागते, पुणेकर होण्यास कशाचा ना कशाचा अभिमान आणि प्रत्येक विषयावर मत असावे लागते, ही त्यातील निरीक्षणे आता म्हणींच्या पंक्तीस बसली आहेत. हा लेख आम्हीही अनेकदा ऐकला आणि प्रत्येक वेळी हसलो. तरीही इंदूर, बडोदे, बेळगाव किंवा पणजी येथे बसून ऐकणाऱ्यास हसू ओसरल्यावर एक साधी शंका येते : यादी तिघांवरच का थांबली? ज्यास 'कर' हा प्रत्यय लावून घ्यावयाचा आहे त्यास उपलब्ध शहरे एवढीच काय?

लेखकास इतर शहरे ठाऊक नव्हती असे मुळीच म्हणता येणार नाही. पु. लं.नी बेळगावच्या राणी पार्वतीदेवी महाविद्यालयात अध्यापन केले होते, आणि 'गणगोत' (१९६६) मधील त्यांचे 'रावसाहेब' हे व्यक्तिचित्र बेळगावच्याच मातीतले आहे. कानडी हेल आणि मराठी जिव्हाळा यांचे असे मिश्रण मराठी गद्यात दुसरीकडे क्वचितच सापडेल. मग शहर निवडण्याच्या लेखात बेळगाव का नाही? आम्हांस याचे उत्तर लेखाच्या जातीत दिसते. तो विनोद वाचकाच्या आधीच पक्क्या झालेल्या नागरिकत्वावर उभा आहे. प्रश्न 'कोण व्हायचे' असा असला तरी ऐकणारा आधीच काहीतरी होऊन बसलेला आहे, आणि आपली टिंगल ऐकून तो सुखावतो. बावीस वर्षांचा, हातात पदवीचे प्रमाणपत्र असलेला, कोठे जावे हे न कळलेला मुलगा अथवा मुलगी त्या श्रोतृवृंदात गृहीत धरलेली नाही. लेखाचा हा दोष आहे असे आमचे म्हणणे नाही. विनोदी लेखाकडून तेवढी अपेक्षा करणे अन्यायाचे होईल. परंतु उरलेल्या मराठी साहित्याने तरी त्या मुलाकडे पाहिले आहे काय, हा प्रश्न अकादमीच्या पानांवर विचारण्याजोगा आहे.

मराठी कादंबरीने शहरात आगमन रंगविले आहे, आणि शहरातून परतणेही रंगविले आहे. या दोहोंच्या आधीचा क्षण, म्हणजे निवड, तिने बहुधा ओलांडूनच टाकला आहे. १८९० मध्ये 'करमणूक' पत्रातून क्रमशः येऊ लागलेल्या 'पण लक्षात कोण घेतो?' या हरिभाऊंच्या कादंबरीतच याची सुरुवात दिसते. रघुनाथराव पुण्याचे एकत्र घर सोडून मुंबईस जातो आणि यमू तेथे त्याचे बिऱ्हाड थाटते. कादंबरीतील जे थोडे उजेडाचे दिवस आहेत ते या मुंबईतले. वाचन, मैत्रिणी, पतीशी मोकळेपणाने बोलणे हे सारे यमूला शहर बदलल्यामुळे मिळते आणि पती गेल्यावर पुण्यास परत यावे लागताच सारे हिरावले जाते. शहर शिकणाऱ्याने निवडले आणि त्याचे फळ, गोड व कडू दोन्ही, जिला कोणी विचारले नव्हते तिने भोगले. हरिभाऊंना हे स्पष्ट दिसले होते. त्यांच्या नंतरच्या कित्येक कादंबरीकारांस मात्र ते दिसले नाही. त्यांच्या नायकाची बदली होते आणि पुढच्या प्रकरणात पत्नी नव्या घरात चहा करीत असते.

निवड ओलांडली जाण्यास एक बाह्य कारणही आहे आणि समीक्षेत त्याची नोंद सहसा होत नाही. पदवीधराची दिशा पुष्कळ वेळा पदवी देणाऱ्या विद्यापीठानेच ठरवून ठेवलेली असे. बडोदे महाविद्यालय मुंबई विद्यापीठाशी संलग्न होते. महाराजा सयाजीराव विद्यापीठ तेथे झाले ते १९४९ मध्ये. म्हणून बडोद्याच्या पदवीधराची पुढची गाडी स्वाभाविकपणे मुंबईची. माधव जूलियन यांचे उदाहरण घ्यावे. १८९४ मध्ये बडोद्यात जन्म, शिक्षण तेथेच व पुढे मुंबईस, मग पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात फार्सीचे अध्यापन आणि शेवटी कोल्हापूरचे राजाराम महाविद्यालय. इंदूरच्या होळकर महाविद्यालयातील विद्यार्थी मात्र आग्रा विद्यापीठाची पदवी घेई, आणि त्याच्या प्रमाणपत्राचे तोंड उत्तरेकडे असे. हैदराबादेत १९१८ पासून उस्मानिया विद्यापीठ उर्दू माध्यमातून शिकवीत होते. तेथील मराठी तरुणाने उर्दूत अर्थशास्त्र शिकून मराठीत कविता करावी, हा रोजचा प्रकार होता. गोव्यात तर पोर्तुगीज अमलात लिसेव होते, वैद्यकीय शाळा होती, पण कला शाखेचे महाविद्यालय नव्हते. पणजीचे धेंपे महाविद्यालय निघाले १९६२ मध्ये, म्हणजे मुक्तीनंतर. त्यापूर्वी शिकू इच्छिणाऱ्या गोमंतकीय मुलास पदवीनंतर काय, पदवीपूर्वीच गाव सोडावे लागे. धारवाड, बेळगाव किंवा मुंबई यांपैकी काय, हे मावशी कोठे राहते यावर ठरे. मावशीचे घर हा मराठी स्थलांतराच्या इतिहासातील विद्यापीठाइतकाच महत्त्वाचा घटक आहे, असे आम्ही थट्टेने म्हणत नाही.

या सर्व धाग्यांची गुंतागुंत एकाच घरात पाहावयाची असेल तर मुक्तिबोध बंधूंकडे वळले पाहिजे. थोरले गजानन माधव, जन्म १९१७, ग्वाल्हेर संस्थानातील श्योपूर येथे. धाकटे शरच्चंद्र, जन्म १९२१, इंदूरचे. घरची भाषा मराठी, वडील संस्थानच्या पोलिस खात्यात आणि सारे बालपण माळव्यातल्या बदल्यांत गेलेले. गजाननरावांनी १९३८ मध्ये इंदुरात बी. ए. केले. त्यानंतरचा त्यांचा प्रवास पाहिला की 'शहर निवडणे' हा शब्दप्रयोगच चैनीचा वाटू लागतो. बडनगर, शुजालपूर, उज्जैन, मग बनारस, जबलपूर, १९४८ पासून नागपूर आणि १९५८ पासून राजनांदगाव. कोठे शाळामास्तरी, कोठे नियतकालिक, कोठे सरकारी माहिती खाते, कोठे आकाशवाणी. ते लिहीत हिंदीत. १९४३ च्या 'तार सप्तक'मध्ये ते आहेत आणि १९६४ मध्ये त्यांचे निधन झाले तेव्हा हिंदी कवितेने आपला एक प्रमुख कवी गमावला. धाकटे बंधूही नागपुरासच स्थिरावले, परंतु ते लिहीत राहिले मराठीत. 'नवी मळवाट' (१९४९) व 'यात्रिक' (१९५७) हे काव्यसंग्रह, 'सृष्टी, सौंदर्य आणि साहित्यमूल्य' (१९७८) हा समीक्षाग्रंथ आणि एक कादंबरीत्रयी एवढी त्यांची प्रमुख कामगिरी.

दोघे भाऊ, एकच शहर, दोन भाषा. नागपुरात हे शक्य झाले याचे कारण नागपूर त्या काळी ज्या मध्य प्रदेशाची राजधानी होते तेथे हिंदी व मराठी या दोन्ही भाषांना मान होता. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेने राजधानी भोपाळास गेली व नागपूर द्वैभाषिक मुंबई राज्यात आले. दोन वर्षांनी थोरले बंधू राजनांदगावच्या महाविद्यालयात गेले, म्हणजे सीमेच्या हिंदी बाजूस. धाकटे नागपुरातच राहिले. राज्याच्या सीमारेषेने भाऊ वेगळे केले असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. नोकरी हे कारण पुरेसे आहे. परंतु एका घरातील दोन लेखकांना एकाच शहरात दोन भाषांचे भवितव्य दिसावे, अशी शहरे १९५६ नंतर कमी झाली, एवढे तरी मान्य करावे लागेल.

शरच्चंद्रांची त्रयी या दृष्टीने पुन्हा वाचली जावी. 'क्षिप्रा' (१९५४), 'सरहद्द' (१९६२), 'जन हे वोळतु जेथे' (१९६९) : बिशू या तरुणाच्या घडणीची ही कथा. नुसती शीर्षके पाहिली तरी घराजवळची नदी, मग मर्यादेची रेषा, मग लोक जिकडे वळतात ती जागा, असा क्रम दिसतो. मराठी समीक्षेने या कादंबऱ्यांची चर्चा बहुधा लेखकाच्या मार्क्सवादी भूमिकेच्या अनुषंगाने केली आहे. ती चर्चा चुकीची नाही, पण अपुरी आहे. उज्जैनची नदी मराठी कादंबरीच्या शीर्षकस्थानी येते, ही गोष्ट आमच्यासारख्या वाचकांस भूमिकेच्या चर्चेपेक्षा अधिक काही सांगून जाते. मुठेकाठी न वाढलेला नायकही मराठी मनाचा नायक असू शकतो, हे त्या शीर्षकात कोणताही गाजावाजा न करता गृहीत धरलेले आहे. त्रयीत दोष आहेत. चिंतनाचे परिच्छेद कित्येक ठिकाणी घटनेवर बसतात व तिला हलू देत नाहीत. तरीही तरुणाने कोणीकडे जावे हा प्रश्न कथेचे इंजिन होऊ शकतो, हे ज्या थोड्या मराठी कादंबऱ्यांनी ओळखले त्यांत तिची गणना केली पाहिजे.

भालचंद्र नेमाडे यांचा उल्लेख येथे टाळता येणार नाही. 'कोसला' (१९६३) मधील पांडुरंग सांगवीकर खानदेशातून पुण्यास येतो आणि पदवीविना गावी परततो. त्याची गोष्ट तरुण पदवीधराची नव्हेच. पदवीधराची गोष्ट पुढे 'बिढार' (१९७५) पासून सुरू होणाऱ्या चांगदेव पाटलाच्या कादंबऱ्यांत आहे, आणि आमच्या मते आपल्या विषयापुरती तीच अधिक मोलाची आहे. 'कोसला'च्या तेजामुळे ती थोडी झाकोळली, हे दुर्दैव. मुंबईतले दिवस संपवून चांगदेव एका गावच्या महाविद्यालयातून दुसऱ्या गावच्या महाविद्यालयात जात राहतो. जाहिरात निघते, अर्ज जातो, मुलाखत होते, खोली शोधावी लागते. बिढार या शब्दातच निवडीचा उपहास आहे, कारण बिढार पाठीवर असते आणि पाठ कोणीकडे वळवायची हे दुसराच कोणी ठरवितो. नेमाड्यांनी लहान शहरातील महाविद्यालयाचे जे चित्र काढले आहे त्यातील कडवटपणा अध्यापक वाचकांस खटकतो, हे आम्ही जाणतो. खटकावे असाच तो आहे. परंतु चांगदेवाची सर्व गावे मराठी मुलखातली आहेत. तो खोली बदलतो, माणसे बदलतो. भाषा बदलण्याची वेळ त्याच्यावर येत नाही.

येथेच आमच्या केंद्रांचा प्रश्न महाराष्ट्रातील तरुणाच्या प्रश्नाहून निराळा होतो. ग्वाल्हेरचा किंवा बडोद्याचा मराठी पदवीधर जेव्हा शहर निवडतो तेव्हा तो पगार, भाडे आणि आईवडिलांपासूनचे अंतर यांबरोबरच आपल्या मुलांनी कोणत्या भाषेत भांडावे हेही निवडीत असतो. त्याला ते त्या वेळी ठाऊक नसते. पुण्यास गेला तर त्याचे मराठी 'बाहेरचे' ठरते. त्यातील हिंदी किंवा गुजराती वळणांवर कार्यालयातील सहकारी हसतात. गावातच राहिला तर घरात मराठी टिकते, पण पुढच्या पिढीची शाळा हिंदी अथवा इंग्रजी असते. आणि बंगळूर गाठले तर पुणेकर व इंदूरकर दोघेही एकाच सदनिकेत परके होऊन राहतात. त्या परकेपणात त्यांचे मराठी एकमेकांना प्रथमच समान वाटते, ही गंमत एखाद्या कथाकाराने उचलावयास हवी होती. हैदराबादेत तर दोन पिढ्यांची मराठी माणसे एकमेकांस न ओळखता राहतात. सुलतान बाजार, काचीगुडा भागातील जुनी घरे एका बाजूस आणि संगणक कंपन्यांच्या परिसरात महाराष्ट्रातून आलेली तरुण मंडळी दुसऱ्या बाजूस. एकीच्या बोलीत उर्दू मुरलेली, दुसरीच्या बोलीत इंग्रजी.

राहण्याची निवड करणाऱ्यांविषयी साहित्य आणखी अबोल आहे. भा. रा. तांबे मध्य भारतातील संस्थानांतच वावरले आणि १९४१ मध्ये ग्वाल्हेरात वारले. इंदिरा संत शिक्षण संपवून बेळगावास आल्या, पती ना. मा. संत यांच्याबरोबर 'सहवास' (१९४०) हा संग्रह प्रसिद्ध केला आणि १९४६ मध्ये पती गेल्यावरही तेथेच अध्यापन करीत राहिल्या. 'शेला', 'मेंदी' आणि पुढचे सारे काव्य बेळगावातून आले. चरित्रकार अशा ठिकाणी 'त्या बेळगावातच राहिल्या' असे लिहितात आणि 'च' या अक्षरात थोडी कणव मिसळतात. मुंबईस गेलेल्या कवीविषयी 'ते मुंबईतच राहिले' असे कणवेने कोणी लिहीत नाही. नरहर कुरुंदकर हैदराबादेत शिकले. तेथे त्यांचे मामा ना. गो. नांदापूरकर हे उस्मानियात मराठीचे प्राध्यापक होते. पुढे कुरुंदकरांनी नांदेड हेच आपले कार्यक्षेत्र केले आणि उभ्या महाराष्ट्रास आपले म्हणणे नांदेडहून ऐकावयास लावले. त्यांच्या विचारांवर ग्रंथ निघाले आहेत. नांदेड का, पुणे का नाही, एवढ्या एका प्रश्नावर एखादे प्रकरण लिहिले गेले तर त्या विचारांचा पोतही अधिक कळेल.

आपल्या सभांतून 'आमची मुले गेली' अशी तक्रार नेहमी होते, आणि तिच्यात 'गेली' हे क्रियापद मरणाइतक्या जड स्वरात उच्चारले जाते. त्या मुलांपैकी काही लिहितात. त्यांच्या कथा आमच्याकडे येतात तेव्हा त्यांचे पहिले वाक्य बहुतेक वेळा रेल्वे फलाटावर किंवा भाड्याच्या खोलीत उघडते. त्याआधीची एक रात्र, जेव्हा दोन नेमणूकपत्रे टेबलावर असतात, वडील काही बोलत नाहीत आणि आई बडोद्याच्या गाडीपेक्षा इंदूरची गाडी सोयीच्या वेळी सुटते एवढेच सुचविते, ती रात्र अजून कोणी लिहून पाठविलेली नाही.