लोणारचे वय

लोणारविषयी माझ्या वाचनात आलेले लेख लवणासुराच्या कथेत रमतात आणि विवराच्या वयाचा एकच आकडा सांगून मोकळे होतात. माझी तक्रार आहे ती इथेच. बुलढाणा जिल्ह्यातले हे विवर ज्वालामुखीचे नसून आघाताचे, याला १९७३ मध्ये धक्क्याने काचरूप झालेल्या खनिजाचा पुरावा मिळाला. वयाचे काय? तिथली काच तापवून निघणारा मंद प्रकाश मोजला, तेव्हा सुमारे ५२ हजार वर्षे भरली. २०११ मध्ये आर्गॉन वायू मोजला, तर ५ लाख ७० हजार! खडक वितळताना जुना आर्गॉन पुरता निसटला नसेल, तर वय फुगते. मोजणाऱ्यांनी ही शंका स्वतःच घेतली, तिचा हिशेबही मांडला. इतका रंजक भाग आमचे लेखक खुशाल गाळतात. लवणासुर मात्र प्रत्येक लेखात भेटतो.