‘आढळले नाही’ म्हणजे ‘नाही’ नव्हे : खाऱ्या पाण्याच्या टँकवरचा एक जुना पेपर वाचताना

मंडळी, आज थोडी स्वतःची फजिती सांगते आणि मग एका पेपरची चिकित्सा करू. पेटची किंवा नेटची तयारी करणाऱ्यांनी शेवटपर्यंत वाचा, कारण ही चूक तुम्हीही करणार आहात. आपण सगळेच करतो.

माझा विषय घरगुती खाऱ्या पाण्याच्या टँकमधले जिवाणू. नवा टँक लावल्यावर पहिल्या काही आठवड्यांत फिल्टरवर कोण वस्तीला येतं, हा प्रश्न. आरएसीसमोर पहिलं सादरीकरण होतं. चौथ्या स्लाइडवर नेहमीची आकृती टाकली होती: माशांची विष्ठा आणि उरलेलं खाद्य यातून अमोनिया, नायट्रोसोमोनास त्याचं नायट्राइट करतो, नायट्रोबॅक्टर नायट्राइटचं नायट्रेट करतो. बाहेरून आलेल्या तज्ज्ञांनी थांबवून विचारलं, “हे दोघं तुमच्या टँकमध्ये आहेत, हे तुम्हाला कोणी सांगितलं?” मी म्हणाले, “सर, सगळीकडे असंच दिलेलं असतं.” त्यांनी काहीतरी लिहून घेतलं. मी गप्प बसले.

दुसरी चूक त्याच रात्री केली. शोधाशोध केल्यावर कुठल्यातरी सारांशात वाचलं की टँकमध्ये हे दोन्ही जिवाणू नसतातच, १९९६ सालीच ते सिद्ध झालंय. लगेच स्लाइड बदलली आणि मॅडमना पाठवली. त्यांचं एका ओळीचं उत्तर आलं: “मूळ पेपर वाचलास का?”

वाचला नव्हता. मग वाचला.

हा पेपर टिमोथी होव्हानेक आणि एडवर्ड डिलाँग यांचा, ‘अप्लाइड अँड एन्व्हायरन्मेंटल मायक्रोबायॉलॉजी’ या नियतकालिकातला. गोड्या आणि खाऱ्या पाण्याच्या टँकमधल्या फिल्टरवर नायट्रीकरण करणारे जिवाणू कोणते, याची त्यात तुलना आहे. त्याआधीची बरीचशी समजूत एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी विनोग्राद्स्कींनी मातीतून वेगळ्या केलेल्या जिवाणूंपर्यंत मागे जाते. मातीत सापडले, प्रयोगशाळेत वाढले, म्हणून टँकमध्येही तेच असणार, असं सगळ्यांनी गृहीत धरलं. या दोघांनी फिल्टरवरचा थर घेतला, त्यातला आरआरएनए काढला आणि प्रोब लावून थेट विचारलं, की तुम्ही इथं आहात का? पेपरचं पहिलं श्रेय हेच. शंभर वर्षांची सवय त्यांनी तपासायला घेतली.

आता निकाल नीट बघा. खाऱ्या पाण्याच्या ज्या टँकमध्ये नायट्रीकरण चालू होतं, त्या सगळ्यांत नायट्रोसोमोनास आणि त्याचे नातेवाईक आढळले. काही ठिकाणी जिवाणूंच्या एकूण आरआरएनएपैकी २० टक्क्यांपर्यंत. गोड्या पाण्यात मात्र नायट्रीकरण जोरात असूनही ते फक्त दोन नमुन्यांत दिसले. आणि नायट्रोबॅक्टरच्या गटासाठी बनवलेल्या प्रोबला दोन्हीकडे काहीच सापडलं नाही.

म्हणजे माझी बदललेली स्लाइडसुद्धा चूकच! ‘नायट्रोसोमोनास नसतो’ हा अर्धा निकाल गोड्या पाण्याचा होता, मी तो खाऱ्या पाण्याला चिकटवला. हा घोळ या छंदात जागोजागी दिसतो. नायट्राइटचंच घ्या. गोड्या पाण्यात माशाच्या कल्ल्यांतून क्लोराइड आत घेणाऱ्या वाटेनेच नायट्राइटही आत शिरतं, म्हणून ते घातक. समुद्राच्या पाण्यात लिटरला सुमारे १९ ग्रॅम क्लोराइड असतं, त्यापुढे नायट्राइटचा टिकाव लागत नाही आणि विषारीपणा खूपच कमी होतो. तरी गोड्या पाण्याची मर्यादा जशीच्या तशी उचलून लोक घाबरतात. उलट अमोनियाच्या बाबतीत खारा टँक जास्त धोक्याचा. पीएच ७ ला एकूण अमोनियापैकी अर्ध्या टक्क्याच्या आसपासच घातक, मुक्त रूपात असतो. खाऱ्या टँकच्या ८.२ पीएचला तो सहा-सात टक्क्यांवर जातो. किटवर आकडा तोच दिसतो, पण माशाला होणारा त्रास दहापटीच्या आसपास.

आता पेपरवरची माझी टीका. पेपर वाईट आहे असं मला मुळीच म्हणायचं नाही. मला म्हणायचंय ते हे, की त्याच्यावर जेवढं ओझं लादलं गेलं तेवढं तो पेलत नाही.

पहिला मुद्दा छेदाचा. ‘२० टक्के’ कशाचे? जिवाणूंच्या आरआरएनएचे. एकूण सूक्ष्मजीवांचे नव्हेत, पेशींच्या संख्येचे नव्हेत, आणि किती अमोनिया कोणी संपवला याचे तर नव्हेतच. एका पेशीत आरआरएनए किती, हे जातीवर आणि तिच्या अवस्थेवर ठरतं. टक्केवारी दिसली की आधी छेद शोधा.

दुसरा मुद्दा प्रोबचा. जाळ्याचा आस केवढा, त्यावर कोणती मासळी मिळणार हे ठरतं, हे किनाऱ्यावर कुणालाही विचारा. नायट्राइट खाणाऱ्यांसाठी इथं एकच जाळं टाकलं होतं, नायट्रोबॅक्टरच्या गटाचं. पण नायट्रोस्पायरा मरिना हा समुद्रातला नायट्राइट खाणारा जिवाणू १९८६ सालीच नोंदवला गेला होता. नायट्राइट नाहीसं होतंय आणि नायट्रोबॅक्टर दिसत नाही, मग खातंय कोण? हा प्रश्न पेपरमध्ये तसाच उरतो. त्याचं उत्तर होव्हानेक, डिलाँग आणि सहकाऱ्यांनीच १९९८ साली दिलं, नायट्रोस्पायरासारखे जिवाणू म्हणून. पण पुन्हा, गोड्या पाण्याच्या टँकसाठी.

तिसरा मुद्दा मला सर्वात रंजक वाटतो. १९९२ मध्ये याच डिलाँग यांनी किनाऱ्याजवळच्या समुद्राच्या पाण्यात आर्किया असल्याचं दाखवलं होतं. ते तिथं करतात काय, हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं. म्हणून चार वर्षांनी टँकमध्ये अमोनिया कोण संपवतं हे शोधताना जाळं पडलं ते फक्त जिवाणूंसाठी. मग २००५ साली मार्टिन कोनेके, डेव्हिड स्टाल आणि सहकाऱ्यांनी ‘नेचर’मध्ये अमोनियावर जगणारा आर्किया जाहीर केला, नायट्रोसोप्युमिलस मॅरिटिमस. तो कुठून वेगळा केला माहितीये? सिॲटल अ‍ॅक्वेरियममधल्या उष्णकटिबंधीय खाऱ्या पाण्याच्या टँकमधून! पुढे हेही कळलं की अमोनिया अगदी नगण्य असतानाही तो ओढून घेतो. नीट जमलेल्या टँकमध्ये अमोनिया नगण्यच असतो, म्हणजे त्याला जागा सोयीची. पण इथंही घाई नको. एका टँकमधून वेगळा केला, याचा अर्थ तुमच्या-माझ्या टँकमध्ये मुख्य काम तोच करतो असा होत नाही.

यात १९९६ च्या लेखकांचा दोष किती? माझ्या मते थोडाच. जे माहीतच नाही त्यासाठी प्रोब बनवता येत नाही. शिवाय निसर्गातलं नायट्रीकरण यापेक्षाही गुंतागुंतीचं असावं, असं त्यांनी स्वतःच म्हणून ठेवलंय. होव्हानेक टँकच्या साहित्याच्या उद्योगात काम करणारे. असा संबंध असला की निकाल लगेच खोटा ठरत नाही, पण पेपर वाचताना तो डोळ्यांसमोर असावा. खरा दोष त्यांच्या वाचकांचा, म्हणजे आपला. ‘या प्रोबला, या नमुन्यांत आढळले नाही’ यातले पहिले चार शब्द आपण गाळले.

तुम्ही म्हणाल, घरी टँक ठेवणाऱ्याला याचं काय? पाणी राखायला जिवाणूचं नाव लागत नाही, हे खरंच. क्षारता ३५ च्या आसपास स्थिर ठेवा, अमोनिया शून्यावर येऊन टिकल्याशिवाय मासे सोडू नका, नायट्रीकरणात अल्कलिनिटी खर्च होते म्हणून तीही मोजा. पण बाटलीतले जिवाणू विकत घेताना नाव महत्त्वाचं ठरतं. लेबलवर ‘नायट्रोबॅक्टर’ छापलंय म्हणजे आपल्या फिल्टरवर तो रुजेल, याची खात्री हा पेपर देत नाही. तो कधीच रुजणार नाही, असंही सांगत नाही. म्हणून बाटली ओतली तरी अमोनिया रोज मोजायचाच.

मला मात्र नाव लागत होतं. नायट्रोबॅक्टरच्या प्रायमरची ऑर्डर टाइप करून तयार होती. ती गेली असती तर वर्षभर मी ‘आढळले नाही’ असंच लिहीत बसले असते आणि त्याला निष्कर्ष म्हटलं असतं. आता यादीत नायट्रोसोमोनास, नायट्रोस्पायरा आणि आर्किया तिन्ही आहेत, आणि नायट्रोबॅक्टरही ठेवलाय. त्याला आपण आधीच बाहेर काढलं, तर तीही तीच चूक.

कुठल्याही पेपरमध्ये ‘आढळले नाही’ दिसलं की तीन गोष्टी विचारा. कशाने शोधलं? कुठं शोधलं? आणि जे सापडलंच नसतं असं काय तिथं असू शकतं? तिसऱ्याचं उत्तर पेपरमध्ये लिहिलेलं नसतं, त्यासाठी आजूबाजूचे चार पेपर वाचावे लागतात.

पुढच्या आरएसीला चौथी स्लाइड पुन्हा दाखवायची आहे. आकृती तीच आहे, फक्त बाणांवरच्या नावांच्या जागी सध्या प्रश्नचिन्हं आहेत. सर काय म्हणतात ते कळवीनच.