‘नाही’ आणि ‘आढळत नाही’ : खातेशोधाच्या एका रूढ पद्धतीचे परीक्षण

कोशात जो शब्द आढळत नाही तो भाषेतच नाही, असे विधान भाषाशास्त्राचा नवशिका विद्यार्थीही करणार नाही. मोल्सवर्थचा कोश १८३१ साली निघाला, त्याची दुसरी आवृत्ती १८५७ साली आली. तीत नसलेले कितीतरी शब्द बोलींत सुखाने नांदत आले आहेत. संगणकाच्या व्यवस्थापनासाठी लिहिल्या जाणाऱ्या स्क्रिप्टांत मात्र नेमकी हीच चूक राजरोस घडते. तिचे परीक्षण प्रस्तुत टिपणात करावयाचे आहे.

लिनक्स प्रणालीत ‘पासडब्ल्यूडी’ नावाची एक साधी मजकुराची फाईल असते. तीत प्रत्येक खात्याची एक ओळ व ओळीत अपूर्णविरामाने विलग केलेले सात रकाने असतात. पहिल्यात नाव, तिसऱ्यात क्रमांक. प्रणालीचा गाभा केवळ क्रमांक जाणतो. नाव ही माणसांची सोय होय. नावावरून क्रमांक काढावयाचा झाल्यास बहुतेक स्क्रिप्टकार ‘ग्रेप’ आज्ञेने ही फाईल धुंडाळतात.

या पद्धतीचा पहिला दोष शब्दसीमेचा आहे. ‘रमा’ शोधावी तर ‘रमाकांत’ची ओळ हाती येते. ओळीच्या आरंभापासून पहिल्या अपूर्णविरामापर्यंतच जुळणी पाहिली, म्हणजे हा दोष टळतो. दुसरा दोष गटांविषयीचा. ‘ग्रुप’ फाईलच्या चौथ्या रकान्यात सदस्यांची यादी असते; परंतु तो गट ज्यांचा मुख्य गट आहे त्यांची नावे तीत असतीलच असे नाही. मुख्य गट ‘पासडब्ल्यूडी’च्या चौथ्या रकान्यात नोंदलेला असतो. एकच यादी वाचणाऱ्यास म्हणून भरलेला गटही रिकामा दिसतो. एखाद्या व्यक्तीचे सर्व गट हवे असल्यास ‘आयडी’ आज्ञेसच विचारणे श्रेयस्कर.

तिसरा दोष सर्वांत गंभीर. खाती केवळ याच फाईलमध्ये असतात, हे गृहीतच चुकीचे आहे. कोणकोणत्या स्थानी व कोणत्या क्रमाने शोध घ्यावा हे ‘एनएस-स्विच’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या फाईलमध्ये लिहिलेले असते. स्थानिक फाईलनंतर संस्थेच्या मध्यवर्ती नोंदवहीचा निर्देश तेथे असू शकतो. ‘गेटएंट’ ही आज्ञा तो क्रम पाळते, ‘ग्रेप’ पाळत नाही.

प्रस्तुत लेखकाच्या पाहण्यातील एका संस्थेत दर रात्री एक स्क्रिप्ट चाले. ज्या गृह-निर्देशिकेचे नाव ‘पासडब्ल्यूडी’मध्ये नसेल ती बेवारस समजून पुसून टाकावी, असा तिचा नियम होता. हेतू वाईट नव्हता. खाते काढून टाकले तरी फाईलवर जुना क्रमांक राहतोच. पुढे तोच क्रमांक नव्या माणसास मिळाल्यास आधीच्याची कागदपत्रे आपोआप त्याच्या मालकीची होतात. परंतु संस्थेने विद्यार्थ्यांची खाती मध्यवर्ती नोंदवहीत हलविली आणि त्याच रात्री हयात, हजर विद्यार्थी त्या स्क्रिप्टच्या लेखी नाहीसे झाले. पुसल्या गेलेल्या सामग्रीत बोली-सर्वेक्षणाची ध्वनिमुद्रणे होती. त्यांतील काही निवेदक तोवर दिवंगत झाले होते. त्यांचा आवाज पुन्हा मिळणे नाही.

मग ‘गेटएंट’ वापरले की प्रश्न सुटला काय? तसे म्हणता येत नाही. नाव न मिळाल्यास ही आज्ञा २ हा निर्गम-संकेत देते. परंतु नाव खरोखरच नसले काय किंवा मध्यवर्ती नोंदवहीशी संपर्क तुटलेला असला काय, उत्तर तेच. मराठीत ‘नाही’ आणि ‘ठाऊक नाही’ ही दोन निराळी उत्तरे आहेत. येथे दोहोंस एकच चिन्ह आहे. शिवाय केवळ अंकांचे नाव, उदाहरणार्थ विद्यार्थ्याचा हजेरी-क्रमांक, दिल्यास ‘गेटएंट’ त्यास खाते-क्रमांक समजते. ‘चोन’ ही मालकी बदलणारी आज्ञा मात्र ते आधी नाव म्हणून शोधते. म्हणजे एकाच चिन्हाचे दोन आज्ञा दोन अर्थ करतात. खात्यांना अंकमय नावे देऊच नयेत, हे बरे.

तात्पर्य असे की, होकारार्थी उत्तरावर कार्य करावे. नकारार्थी उत्तरावर नाश करू नये. नकार मिळाल्यास मध्यवर्ती नोंदवहीतील एखादे निश्चित ज्ञात नाव विचारून पाहावे. तेही न मिळाल्यास स्क्रिप्टने तेथेच थांबावे. मिळाल्यास निर्देशिका पुसू नये, बाजूस ठेवावी व जबाबदार माणसाने शहानिशा करावी. कोशात न सापडलेला शब्द आपण लगेच खोडीत नाही. ज्याच्या तोंडून तो ऐकला त्याच्याकडे परत जातो. स्क्रिप्टकाराकडूनही एवढीच अपेक्षा आहे.