मुकी वही

धान्य पायलीने मोजणारा माणूस तुम्ही लहानपणी पाहिला असेल, तर आठवून पाहा. पहिलं माप ओतताना तो 'एक' म्हणत नसे, 'लाभ' म्हणे. मग दोन, तीन, चार. आकडा मोठ्याने म्हणायचा, कारण तो घेणाऱ्यालाही ऐकू जायला हवा. इथे इंग्लंडमध्ये माझं रोजचं काम आकड्यांचंच आहे, पण माझी वही मुकी आहे. माझी तक्रार तिच्याबद्दल आहे.

वही म्हणजे ज्युपिटर नोटबुक. कोड लिहायचा, चालवायचा, उत्तर खालीच उमटतं. 2014 साली आयपायथनमधून वेगळं झालेलं हे साधन आज आपल्यातल्या अनेकांच्या पोटापाण्याचं आहे. 'संवादी' म्हणून त्याचं कौतुक होतं. पण एका चौकटीतल्या फक्त शेवटच्या ओळीचं उत्तर ते आपणहून दाखवतं, आणि ती ओळ उत्तर एखाद्या नावात साठवत असेल, तर तेही नाही. डेटाची साफसफाई तर बहुतेक अशाच ओळींनी होते.

एकदा मी ग्राहकांच्या यादीला पत्त्यांची यादी जोडली. 1,200 ओळींच्या 1,260 झाल्या, कारण काहींचे पत्ते दोनदा होते. वहीने चकार शब्द काढला नाही. बेरीज फुगली आहे हे तीन दिवसांनी सहकाऱ्याच्या लक्षात आलं. चूक माझीच, पण ती घडली त्या क्षणी दिसू शकली असती.

पांडाजची आणखी एक खोड सांगतो. नामिबियाचा दोन अक्षरी देशसंकेत 'एनए' आहे. सीएसव्ही फाइल वाचताना पांडाज त्याचा अर्थ 'माहिती नाही' असा लावते आणि रकान्यातून अख्खा देश गुपचूप नाहीसा होतो.

कुणी म्हणेल, पांडाजच्या 'मर्ज'मध्ये 'व्हॅलिडेट' आणि 'इंडिकेटर' आहेत की! आहेत, पण ते मागावे लागतात. ज्याला शंका आली तोच मागतो. गरज मात्र शंका न आलेल्याला असते. स्टाटामध्ये 'रिप्लेस' केलं की किती नोंदी खरोखर बदलल्या ते न विचारता कळतं, आणि 'मर्ज' केलं की किती जुळल्या, किती नाही, याचा तक्ता समोर येतो. आर भाषेतलं 'टायडीलॉग' गाळणी लावल्यावर किती ओळी गेल्या ते टक्केवारीसकट सांगतं.

तरी टायडीलॉगबद्दलही माझी कुरकुर आहे. चाळीस पायऱ्यांनंतर त्याचे निरोप भिंतीवरच्या जुन्या कॅलेंडरसारखे होतात. समोर असतात, कुणी वाचत नाही. म्हणून नुसतं सगळं छापणं पुरेसं नाही. प्रत्येक पायरीला ओळींचा आकडा बारीक अक्षरात असावा. आवाज चढावा तो जोडणीनंतर ओळी वाढल्या, रकान्याचा प्रकार बदलला किंवा नव्या रिकाम्या जागा आल्या तरच.

हे फार काटेकोर वाटतं? 2020 च्या शरदात इथल्या सार्वजनिक आरोग्य यंत्रणेच्या आकडेवारीतून 15,841 कोविड रुग्णांच्या नोंदी वेळेवर पुढे गेल्या नाहीत, कारण जुन्या एक्सेल फाइलची ओळींची मर्यादा संपली होती. ती वही नव्हती, पण मुकेपणा तोच. त्या रुग्णांच्या संपर्कातल्या लोकांना निरोप उशिरा गेले.

साधनं बोलकी होतील तेव्हा होतील. तोवर तुम्ही प्रत्येक जोडणीच्या आधी आणि नंतर ओळींची संख्या छापा. एका ओळीचं काम आहे.